पोरांसी पाणी भरूनदेणे

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. खरोखरच असाल तर काही समजायला नको. माझ्यासारखे साठीपलीकडचे असाल तर वय घटकाभर खुंटीला टांगा. गाव सोलापूर, महिना मार्चचा, शाळा सकाळची. दहा वाजलेत. तुम्ही नुकताच तेराचा पाढा खणखणीत आवाजात म्हणून संपवलाय. घसा सुकलाय. तुम्ही कोपऱ्यातल्या माठाकडे जाता, ओगराळं आत सोडता आणि आतून आवाज येतो, ‘खट्ट’. माठाचा तळ. आता पुन्हा जागेवर जाऊन बसा आणि चौदाचा पाढा सुरू करा.

आमच्या शाळेत सन १९३४ च्या उन्हाळ्यात हे असं चाललं होतं. शाळा म्हणजे एक खोली, एक ओटा, एकतीस पोरं आणि एक मास्तर. तो मास्तर मी, कुंडलिक मास्तर. शाळेला लागून एक आवार होतं आणि त्या आवारात शंभर वर्षांची दगडी विहीर होती. पोरं तिचंच पाणी प्यायची. त्या वर्षी आवार संगप्पाशेठ यांनी विकत घेतलं आणि फाटकाला कुलूप घातलं. संगप्पाशेठ डाळीचे व्यापारी, कपाळाला भस्म, बोलणं हळू, माणूस वाईट नाही. मी विचारायला गेलो तर त्यांनी मला पानसुद्धा दिलं.

“मास्तर, तुमची पोरं कठड्यावर पालथी पडून आत बघतात,” ते म्हणाले. “परवा दोघं बेडूक मोजत होती. एखादं आत गेलं तर मी तुम्हाला तोंड दाखवू का त्याच्या आईला? कुलूप बरं.”

मी पान तोंडात घातलं. बेडूक मोजायला मीच सांगितलं होतं.

पाणी मग गिरणीच्या अलीकडच्या नळावरून यायला लागलं. ते आणायची पाळी मोठ्या मुलींची, आणि त्यांत पुढे दाक्षायणी. चौथीतली, अंगानं काटकी, डोक्यावर कळशी. नळावर ही रांग. मुली परत येईपर्यंत भूगोल संपलेला असे आणि गणित मरणाला टेकलेलं. हळूहळू त्यांतल्या बऱ्याचजणी शाळेतच येईनाशा झाल्या. अशात नगरपालिकेचा कागद आला: मार्चअखेर हजेरी पंचवीसच्या खाली राहिल्यास सदर शाळा रेल्वे फाटकापलीकडच्या शाळेत सामील करण्यात येईल.

दाक्षायणीच्या बापानं तेव्हाच सांगून टाकलं, “फाटकापल्याड पोरगी जायची न्हाय. शाळा हलली की हिनं घरात बसून कांड्या भरायच्या.” त्यांच्या घरी दोन माग होते. कांड्यांवर सूत भरायला हात हवेच होते.

दाक्षायणी मला म्हणाली, “गुरुजी, आपली शाळा हलणार न्हाय की?”

मी म्हणालो, “नाही.” मास्तरानं कधीही एका शब्दात उत्तर देऊ नये. पुढचे वीस दिवस मी त्या एका शब्दापायी हिंडलो.

सल्ले पुष्कळ मिळाले. एकानं सांगितलं, कलेक्टरला अर्ज करा. दुसऱ्यानं सांगितलं, शाळेतच विहीर खणा, कातळ काय, आज ना उद्या फुटेलच. वैद्यबुवा म्हणाले, पोरांना जिभेखाली चिंचोका धरायला सांगा, तहान लागत नाही. मी तो प्रयोग केला. चोवीस चिंचोक्यांपैकी एकोणीस गिळले गेले.

उपयोगाचा सल्ला दिला तो आमच्या शेजारच्या चिमाबाईंनी. “मास्तर, तुमी लई सरळ. आवो, त्या विहिरीचा कागद हाय की! माजा सासरा जुन्या इनामदारांकडं कारकून व्हता. विहीर त्यांनीच बांदली, आन् पोरांच्या पाण्याचं लिवून ठिवलंय म्हनायचा. वाड्यातली समदी दप्तरं आता त्या मंडळाच्या कपाटात पडल्यात. जाऊन काढा.”

‘जाऊन काढा.’ चिमाबाईंना हे शब्द सोपे गेले, कारण त्या मंडळात कधी गेल्या नव्हत्या.

मंडळ म्हणजे आमच्या गावातलं जुने कागद जमवणारं मंडळ. दोन खोल्या, तीन कपाटं, एक चिटणीस, एक शिपाई. चिटणीस एकदा मुंबईला जाऊन तिथल्या विद्यापीठाचा खास संग्रह पाहून आले होते. तिथले कागद त्यांना आणता आले नाहीत, म्हणून त्यांनी नियम आणले. एकवीस नियम भिंतीवर चौकटीत लावले होते. संग्रह मागाहून वाढेल, शिस्त आधी हवी, असं त्यांचं म्हणणं.

पहिला नियम अर्जाचा. अर्जात ‘अभ्यासाचा हेतू’ असा रकाना होता. मी लिहिलं, ‘पाणी’.

चिटणिसांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “पाणी हा हेतू होत नाही, मास्तर. पाणी ही तहान झाली.”

मी खोडून ‘नगरातील प्राचीन जलव्यवस्थेचे समालोचन’ असं लिहिलं. ते प्रसन्न झाले. मग म्हणाले, “अर्जदाराच्या सचोटीबद्दल दोन प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्या. दोघांपैकी एक तरी त्याच पेठेतला मिळकतदार हवा.”

आमच्या पेठेत बाकी सगळे भाडेकरू. मिळकतदार एकच, संगप्पाशेठ. मी गेलो. ज्याच्याविरुद्ध पुरावा काढायचा त्याच्याकडूनच ‘मी सज्जन आहे’ असं लिहून घ्यायचं, हा प्रसंग तुमच्यावर येऊ नये. शेठजींनी अर्ज दोनदा वाचला, सगळा हेतू त्यांच्या ध्यानात आला, आणि त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘मास्तर सचोटीचे आहेत. फक्त पोरांना आवरत नाहीत.’ दुसरी सही वैद्यबुवांची. त्यांनी सहीबरोबर मला चिंचोके दिले.

दारावर मायाप्पा शिपाई. मूळचा मेंढरामागं हिंडलेला माणूस, त्यामुळे आत गेलेलं आणि बाहेर आलेलं डोळ्यांनीच मोजायची सवय. त्यानं माझं शाईचं पेन काढून घेतलं, कारण आत फक्त शिसपेन्सिल. छत्री घेतली. मग म्हणाला, “हात धुवा जी. नेम पाच.”

“पाणी कुठाय?”

“पानी न्हाय. झटका नुसते.”

मी हात झटकले आणि आत गेलो. खरी अडचण बाहेर येताना झाली. मी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला आणि मायाप्पानं माझं मनगट धरलं.

इथे जरा थांबा. जुनी कागदपत्रं पिशवीत ठेवत नसत. गठ्ठा करून चौकोनी फडक्यात बांधत, आणि त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणत. अमुक रुमालात अमुक कागद, असं बोलायची रीत. भिंतीवरचा नववा नियम होता, ‘कोणीही रुमाल बाहेर नेऊ नये.’

“ह्यो रुमाल न्हाय का?” मायाप्पानं विचारलं.

“रुमालच आहे. पण माझा.”

“समदे असंच म्हनत्याल.”

मी चिटणिसांकडे गेलो. त्यांनी नियम पुन्हा वाचला. नियम स्पष्ट होता. ‘स्वतःचा असल्यास’ असं त्यात नव्हतं, आणि दुरुस्तीला सर्वसाधारण सभा लागत होती. ती दिवाळीनंतर. माझा रुमाल ठेवून घेतला गेला. दुसऱ्या दिवशी मी विसरून दुसरा नेला. तिसऱ्या दिवशी माझी बायको मथुरा म्हणाली, “तिथं कागद वाचता का रुमाल वाटता?” पुढल्या खेपेला मी नोंदवही चाळली, तेव्हा शेवटच्या पानावर ताज्या शाईत दिसलं: ‘रुमाल क्र. ६१. सुती, पांढरा. कोपऱ्यात दोऱ्यानं “कुं” हे अक्षर. काळ अज्ञात. आत कागद नाही.’ मी तो बघायला रीतसर अर्ज केला. अर्ज मंजूर झाला. मला माझा रुमाल टेबलावर, मायाप्पाच्या नजरेखाली, अर्धा तास अभ्यासायला मिळाला. नाक पुसता आलं नाही.

विहिरीचा कागद रुमाल क्रमांक एकोणीसमध्ये होता. नियमाप्रमाणे दिवसाला एकच रुमाल मिळे. पहिल्या दिवशी मला एकोणतीस आला. त्यात हत्तीच्या चाऱ्याची पत्रं होती. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस. “एकोन म्हनलं की माजं डोस्कं फिरतंय जी,” मायाप्पा म्हणाला. तुमच्यापैकी ज्यांना एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत घोटाळा होतो त्यांनी लाजू नये. एक अख्खं मंडळ तुमच्या पाठीशी आहे. शेवटी मी ‘वीसच्या अलीकडचा’ असं सांगितलं आणि हवा तो रुमाल आला.

कागद मोडीत होता. मोडी आम्ही तेव्हा शाळेत शिकवत असू, आणि सांगायला हरकत नाही, माझी मोडी गावात नावाजलेली होती. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची. हात उचलायचा नाही. शब्द संपला म्हणून जागा सोडायची नाही. सगळी ओळ म्हणजे एकच शब्द. डोळ्यांनी तो जागोजाग तोडायचा. कुठे तोडता यावर सगळं.

मी तोडत तोडत तळाशी आलो: ‘शाळेचेपोरांसीपाणीभरूनदेणे’.

“पोरांसी पाणी भरून देणे!” मी ओरडलो.

ओरडणं हा सोळाव्या नियमाचा भंग. मला तीन दिवस प्रवेश बंद झाला. मी आनंदात होतो. पेठेत सांगितलं, शाळेत सांगितलं. दाक्षायणीनं त्या दिवशी नळावरून आल्यावर बुडालेलं गणित दुपारी थांबून सोडवलं.

चौथ्या दिवशी मी मंडळात गेलो आणि शिक्क्याची नक्कल मागितली. नक्कल चिटणिसांनी स्वतः करायची असा नियम. त्यांनी कागद वाचला, मान डोलावली, आणि देवनागरीत सुबक लिहून, खाली सही करून, शिक्का मारून माझ्या हाती दिलं. मी वाचलं.

‘शाळेचे पोरांसी पाणी भरू न देणे.’

“चिटणीससाहेब,” मी म्हणालो, “हा ‘न’ इकडं आला कसा?”

“तो तिथंच आहे. पोरांनी खोल विहिरीवर जाऊ नये, म्हणून भरू न देणे. उघड आहे.”

“भरून देणे!”

“भरू न देणे. आणि हळू बोला, नियम सोळा.”

आम्ही तासभर हळू आवाजात भांडलो. त्यांच्या बाजूला विहिरीची खोली होती, माझ्या बाजूला माणुसकी. शिक्का मात्र त्यांच्याकडे होता. मी वीस दिवस खपून, दोन रुमाल गमावून, संगप्पाशेठचं कुलूप बरोबर आहे याचा शिक्क्यानिशी पुरावा मिळवला होता. गावातली नावाजलेली मोडी तोंडावर आपटली. परतताना चिमाबाई ओट्यावरच होत्या. “सापडला का कागद?” “सापडला.” “मग हो?” “मग काही नाही.” त्यांनी नक्कल वाचून घेतली आणि म्हणाल्या, “सासरा मेला खोटाच व्हता.” तेवढ्यानं मला थोडं बरं वाटलं.

वर्गात मात्र खोटं बोलता येईना. हजेरीला बावीस पोरं होती, आणि मार्चचे आठ दिवस उरले होते. मी फळ्यावर ती ओळ न तोडता लिहिली आणि दोन्ही अर्थ समजावले. मोडीचा धडा म्हणून चांगला झाला. दाक्षायणी फळ्याकडे बघत बसली. सुटल्यावर आली.

“गुरुजी, त्याच्या म्होरं काय लिवलंय?”

“पुढं काही नाही. पान संपलं.”

“आन् मागं?”

मागं काय आहे ते मी पाहिलंच नव्हतं. अकरावा नियम: ‘कागद वाचकाने उलटू नये, शिपाई उलटील.’ आणि शिपायाला मी सांगितलं नव्हतं, कारण नोंदवहीत लिहिलं होतं, ‘पृष्ठे : एक.’ छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसानं छापील आणि लिखित गोष्टीवर किती विश्वास ठेवावा, याला काही मर्यादा असायला हवी होती.

शनिवारी दुपारी मी मंडळात गेलो. दाक्षायणी बरोबर होती. संगप्पाशेठही आले, त्यांना मी बोलावलं होतं. सचोटीचा दाखला दिलेल्या माणसापासून लपवून काही करणं बरं दिसलं नसतं.

मायाप्पानं दाक्षायणीला अडवलं. “नेम चवदा. तान्ही पोरं आत न्यायची न्हाईत.”

“मी तान्ही हाय व्हय?” दाक्षायणी म्हणाली. “चौथीत हाय.”

मायाप्पानं तिला वरून खालपर्यंत बघितलं. “न्हाय, तान्ही न्हाय. हात झटक.”

टेबलावर कागद आला. मी चिटणिसांना म्हणालो, “कागद उलटा करून पाहायचा आहे.”

“मागं काही नाही. नोंद मी स्वतः केली आहे. पृष्ठे एक.”

“कोरं असेल तर कोरं पाहू.”

“जे नाही ते पाहायला देण्याचा नियम नाही, मास्तर.”

हा मुद्दा खरं तर बिनतोड होता. संगप्पाशेठ घडी घातलेल्या उपरण्याची घडी पुन्हा घालत होते. मग दाक्षायणी मायाप्पाकडे वळली. “काका, उलटायचं काम तुमचं हाय न्हवं? भिंतीवर लिवलंय.”

मायाप्पानं भिंतीकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण आपलं काम भिंतीवर लिहिलेलं आहे हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. “माजं काम हाय व्हय?” म्हणत त्यानं पुढे होऊन, मेंढराचं कोकरू उचलावं तसा दोन्ही हातांनी कागद उचलला आणि उलटा ठेवला.

मागे दीड ओळ होती.

मी चष्मा पुसायला रुमाल शोधला, तो नव्हता. तेवढ्यात दाक्षायणी अक्षरांवरून, न शिवता, बोट फिरवत वाचू लागली. घाई नाही, अडखळ नाही, मी शिकवली तशी.

“सबब... गडी येक... ठेवणे. त्यासी... दोर व पोहरा... दर तिमाही... नवा देणे.”

“बरोबर,” चिटणीस म्हणाले. “गडी. म्हणजे राखणदार. पोरांना पाणी भरू न देण्यासाठी ठेवलेला.”

दाक्षायणी त्यांच्याकडे बघत राहिली. मोठं माणूस असं काही बोललं की ती आधी चेष्टा आहे का ते बघत असे.

“राखणदाराला पोहरा कशाला, साहेब?” तिनं विचारलं. “पोरांच्या डोस्क्यात घालाय?”

मायाप्पा हसला. सोळावा नियम मोडला म्हणून त्याला कोणी काही म्हटलं नाही. चिटणिसांनी कागद जवळ ओढला, ओळ तीन वेळा वाचली, आणि मग, हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम सांगतो, माझ्या हातातली जुनी नक्कल घेऊन तिच्यावर आडवी रेघ मारली, नवी लिहिली आणि शिक्का मारला. ‘भरून देणे.’ मग नोंदवही काढून ‘पृष्ठे : एक’ पुढे लिहिलं, ‘व दीड ओळ’.

संगप्पाशेठनी नक्कल घेतली. बराच वेळ वाचली. “म्हणजे पोरांनी विहिरीला हात लावायचा नाही,” ते म्हणाले.

“नाही,” मी म्हणालो.

“गड्यानं ओढायचं आणि द्यायचं.”

“हो.”

“मग मी दुसरं काय म्हणत होतो?” ते म्हणाले. “पोरं वाकू नयेत, एवढंच की. इनामदार शहाणा होता. माझ्या डोक्यात हे आलं नाही. मिळकत घेतली तर तिच्याबरोबरचं करणंही घ्यायला हवं. सोमवारपासून गडी ठेवतो.”

सोमवारी सकाळी सात वाजता फाटक उघडं होतं. नवा दोर होता, नवा पोहरा होता. गडी नव्हता. ठरवलेला माणूस मोडनिंबचा, आणि तो मोडनिंबलाच होता. कठड्याशी संगप्पाशेठ एकटे उभे होते, धुतलेलं धोतर, जरीकाठी उपरणं, दुकानी जायच्या तयारीत.

“मास्तर, माणूस उद्या येईल,” ते म्हणाले. “आजचा एक दिवस नळावरून...”

मी ‘असू द्या’ म्हणणार होतो. भिडस्त माणसाच्या तोंडात तो शब्द तयारच असतो.

दाक्षायणी माझ्या पुढून गेली. तिनं शाळेची कळशी शेठजींच्या पायांपाशी ठेवली. मग कठड्यापासून तीन पावलं मागे सरली, हात पाठीमागे बांधले, आणि कागदात होतं तेवढंच बोलली, “भरून द्या.”

शेठजींनी कळशीकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. उपरणं काढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

आणि दाक्षायणी फाटकाकडे वळून, घरी बसलेल्या मुलींना गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, “या गं समद्याजणी! एका रांगेत! शेठ भराय लागले!”